करंजेलाचा वास

आम्हा खाडीकडच्या माणसांना लोखंड दिसलं की तेल लावायची खाज सुटते. विळा असो, सायकलची साखळी असो, लग्नात आलेलं कपाट असो, आम्ही तेल लावणारच. पेणच्या खाली खाडीला लागून आमचं गाव. तिथली हवाच खारी, दाराची कडीसुद्धा दोन पावसाळ्यांत खाल्ली जाते. बाप मिठागरात राबायचा आणि त्याची एक लहानशी होडी होती. वर्षातून एकदा ती उलटी घालून तो तिला करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, चोपडायचा, आणि त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोललेलं त्याला खपायचं नाही. पुढे मी ट्रकवर बसलो तेव्हा बापाचा एवढा एकच धडा बरोबर घेऊन बसलो: खाऱ्या पाण्यात वापरायच्या वस्तूला तेल चुकवायचं नाही. त्याच धड्यापायी एका बाईचा पाय गेला. ती हकिगत मला सांगायची आहे. ट्रकमालक शेठच्या वकिलाला हवी होती तशी नाही, झाली तशी.

माझा ट्रक पेणच्या मिठागरातून गोणी भरून रोह्याच्या कंपन्यांत टाकायचा. आठवड्याला चार-पाच खेपा व्हायच्या. मीठ कितीही सुकवलं तरी गोणीतून पाणी गळतंच. ते फळ्यांच्या फटीतून खाली उतरतं, स्प्रिंगच्या पाट्यांवर, चाकांच्या ड्रमवर, ब्रेकच्या नळ्यांवर. दुसऱ्यांचे ट्रक म्हातारे होऊन मरतात, मिठाचे ट्रक तरुणपणीच जातात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, रविवारी, मी गाडीखाली शिरायचो. गॅरेजमधलं जळकं ऑइल घ्यायचं, त्यात थोडं करंजेल मिसळायचं आणि ब्रशनं चेसिसपासून पाट्यांपर्यंत सगळं माखून काढायचं. करंजेल मिसळायची अक्कल माझी स्वतःची. त्याचा उग्र, कडवट वास चार दिवस हातांना राहायचा आणि बायको ताटात वाढताना नाक मुरडायची. मला मात्र त्या वासाचा अभिमान होता. पेणच्या स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, तुझी गाडी आहे की होडी? मी म्हणायचो, होडीच आहे, पण तुमच्या गाड्यांपेक्षा चार वर्षं जास्त टिकेल.

ट्रक अर्थात माझा नव्हता. शेठचा होता. शेठ पेणचेच. त्यांचे दोन ट्रक, एक माझ्याकडे मिठाचा आणि दुसरा त्यांच्या भाच्याकडे विटा-सिमेंटचा, चांगल्या तब्येतीचा. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला घरी बोलवायचा, बायकोच्या दुखण्यात विचारपूस करायचा. फक्त गाडीवर खर्च म्हटला की त्याला एकदम ऐकू येईनासं व्हायचं.

वर्षातून एकदा गाडी पासिंगला न्यावी लागे. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे, असा सरकारी दाखला त्याशिवाय मिळत नाही. आमच्याकडे त्याची एक पद्धत होती. आदल्या दिवशी दोन्ही ट्रक गॅरेजमध्ये शेजारी शेजारी उभे करायचे आणि भाच्याच्या ट्रकचा माल उतरवून माझ्या ट्रकला चढवायचा. टायर, वायपर, हॉर्न, मागचे दिवे. पास झाली की दुसऱ्या दिवशी सगळं परत. लग्नाला जाताना शेजाऱ्याचा कोट मागून न्यावा तसं. हे आम्ही लपवतसुद्धा नव्हतो, हसतखेळत करायचो, आणि नटबोल्ट फिरवायला मीच पुढे असायचो. तपासणाऱ्या साहेबांना मी बोल लावणार नाही. त्यांच्यासमोर येणारी गाडी खरोखर चांगली असायची. फक्त तशी गाडी त्या एका दिवसापुरतीच असायची.

त्या वर्षी गॅरेजच्या मिस्त्रीनं मागची चाकं खोलली आणि ब्रेकच्या ड्रममागची पत्र्याची झाकणं हातात घेतली, तर ती हातातच तुटली. मिठानं त्यांची चाळण केली होती. ही झाकणं काही फार मोठी वस्तू नाही. रस्त्याची धूळ, पाणी, चिखल ब्रेकच्या आत जाऊ नये म्हणून असतात. मिस्त्रीनं ती भंगारात टाकली, भाच्याच्या ट्रकची झाकणं काढून माझ्या गाडीला लावली, गाडी पास झाली आणि झाकणं परत भाच्याकडे गेली. मी शेठना म्हटलं, "शेठ, मागं झाकणं नाहीत आता. नवी घ्यायला लागतील."

"घेऊ की. ही खेपांची गर्दी सरू दे."

मी आणखी एकदा विचारलं. ते परत म्हणाले, घेऊ. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. झाकणांवाचून गाडी अडत थोडीच होती? चालत होती.

पुढच्या महिन्यात तेल लावायचा रविवार आला. या वेळी मी शहाणपणा केला. ब्रशनं हात दुखतात, कोपऱ्यात पोचत नाही, म्हणून गॅरेजमधला हवेचा पंप घेतला आणि तेल फवारलं. काय सुरेख काम झालं म्हणून सांगू! अर्ध्या तासात सगळी गाडी खालून काळी कुळकुळीत. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूनं तर मी दोनदा फवारा मारला, कारण मीठ तिथंच जास्त बसतं. झाकणं नाहीत हे मला ठाऊक होतं. तेल लावायचं हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. खाडीकडच्या माणसाच्या हिशेबी तेल म्हणजे औषध. औषध जास्त झाल्यानं काही बिघडेल हे मनातच येत नाही.

सोमवारी सकाळी भरलेली गाडी घेऊन निघालो. वडखळच्या नाक्यावर ब्रेक दाबला तर गाडी माझ्या अंदाजापेक्षा हातभर पुढे जाऊन थांबली. मला ते कळलं. हे मी आज पहिल्यांदा लिहीत नाही, कोर्टातही सांगितलं आहे: मला ते वडखळलाच कळलं होतं. पावसाळ्यात ब्रेकमध्ये पाणी गेलं की आम्ही ड्रायव्हर एक युक्ती करतो. चालत्या गाडीत पेडलवर हलका पाय ठेवायचा, ड्रमला आतून दाबणारे लायनर घासून तापतात, पाणी सुकतं आणि ब्रेक पुन्हा लागतो. मी तीच युक्ती केली. पाण्याची युक्ती तेलाला. पाणी उडून जातं, तेल पसरतं. नागोठण्यापर्यंत मी इमानेइतबारे पेडल घासत गेलो आणि सगळ्या लायनरना तेल नीट चोपडून घेतलं.

नागोठण्याला थांबून चाक खोलायला हवं होतं. तिथं ओळखीचं गॅरेज होतं. पण कंपनीच्या गेटवर दुपारच्या आत पोचलो नाही की गोणी दुसऱ्या दिवशी उतरतात, आणि मला तर संध्याकाळी आमच्या गावच्या जत्रेला जायचं होतं. कारण एवढंच. कोणी जबरदस्ती केली नव्हती. रोह्याची खिंड मी खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरलो आणि खाली आल्यावर सुटकेचा श्वास टाकला.

निडीच्या जवळ वळणावर समोर एसटी उभी होती आणि तिच्यातून माणसं उतरत होती. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, गाडी मात्र तशीच चालली. हॉर्न दाबून धरला आणि गाडी डावीकडे घेतली, शेताकडे. डावीकडे वालाचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई चालली होती. भाऱ्यामुळे तिला मागं पाहता आलं नाही. तिनं आवाजाच्या उलट दिशेला उडी मारली खरी, पण गाडी मोरीच्या कठड्याला जाऊन आपटली आणि तिचा उजवा पाय कठडा आणि गाडी यांच्या मध्ये सापडला. वालाच्या शेंगा रस्ताभर झाल्या होत्या.

आमच्या धंद्यात एक शिकवण असते: अपघात झाला की आधी पळ, मग शेठला फोन कर, मग वकिलाबरोबर पोलिसात जा. मी पळालो नाही. त्याबद्दल पुढे काहींनी माझं कौतुक केलं. ते फुकटचं आहे. माझ्या बाजूचं दार वाकून अडकलं होतं, पळणार कुठून? लोकांनी दुसऱ्या दारातून ओढून काढलं आणि मला मार पडला. मग त्यातल्याच दोघांबरोबर मी बाईला एका जीपमध्ये उचलून ठेवलं. ती शुद्धीत होती. रोह्याला पोचेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रोह्याहून तिला पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं आणि गुडघ्याखालून पाय काढला.

ट्रक ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात आणला. मोटार तपासणीचे साहेब आले, शेठनी मिस्त्रीला पाठवलं, मीही होतो. मागचं चाक खोललं, ड्रम बाहेर आला आणि मला तो वास आला. करंजेल. त्या आवारात करंजेल कुठून येणार? मिस्त्रीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं आणि लिहिलं, लायनरवर तेलाचा थर. आतलं सीलही त्यांनी तपासलं, ते जुनं, झिजलेलं होतं. चाकाच्या आसातलं तेल सील फुटून बाहेर येतं आणि ब्रेकवर पसरतं, असं मिठाच्या काय, कुठल्याही गाडीचं होऊ शकतं. त्यांना तो वास वेगळा का वाटावा? त्यांच्या बापाची होडी नव्हती. तेल नेमकं कुठून आलं हे त्यांनी लिहिलं नाही, आणि मी तोंड उघडलं नाही.

आठ दिवसांनी शेठनी मला वकिलाकडे नेलं. वकील तरणाबांड, बोलायला गोड. त्यानं समजावून सांगितलं. बाईनं भरपाईचा दावा लावला आहे, अलिबागला अपघातांच्या दाव्यांचं न्यायाधिकरण आहे तिथं तो चालेल. शिवाय माझ्यावर फौजदारी खटला रोह्याच्या कोर्टात. दोन्हीकडे सांगायचं ते एकच.

"सील अचानक फुटलं. आतला दोष, वरून दिसत नव्हता. देवाची करणी. तू गाडी नीट चालवत होतास, शेठ गाडी नीट ठेवत होते. चूक कोणाचीच नाही."

"मग त्या बाईंचं काय?" मी विचारलं.

"कोणाचीही चूक नसली तरी कायद्यानं ठरवलेली थोडी रक्कम मिळतेच तिला. पूर्ण भरपाई मिळायला कोणाची तरी चूक सिद्ध करावी लागते. ती कशी करणार? आतलं कोणाला ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं. मिस्त्रीलाही असावं. शेठना झाकणांचं ठाऊक होतं, फवाऱ्याचं नव्हतं. आणि फौजदारी खटल्यात पहिल्या तारखेला मला विचारलं, गुन्हा कबूल आहे का, तेव्हा वकिलानं शिकवल्याप्रमाणे मी म्हटलं, नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणावं तर तसंही नाही. जेवलो, झोपलो. सील खरंच झिजलेलं होतं ना? मग फुटलंही असेल. तीन-चार महिने मी स्वतःला हेच सांगत राहिलो आणि मला ते अर्धंअधिक पटलंही. माणसाला सोयीचं ते लवकर पटतं.

भाताची लावणी झाली होती तेव्हा मी एकदा तिच्या घरी गेलो. वकिलानं जाऊ नको म्हणून बजावलं होतं. बरोबर आमच्याकडचे सुके बोंबील घेतले, कारण रिकाम्या हातानं जायची सवय नाही. ती ओटीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. नवरा घरात होता, तो उठून आला, पण तिनं त्याला हातानं थांबवलं. मी हात जोडले आणि म्हटलं, "बाय, माफी मागायला आलो."

"तुझी माफी घेऊन मी पान्याला जाऊ काय?" ती म्हणाली. सूप थांबलं नव्हतं. "तुमचा वकील सांगतो, गाडीचा बिरेक आपसूक गेला. कोनाची चूक नाय. मंग तू कशाची माफी मागतोस?"

मी बोंबलांची पुडी ओटीच्या कडेला ठेवली.

"चूक नसंल त माफी मागू नको. असंल त इथं माझ्या ओटीवर नको सांगू. जिथं लिवून घेतात थितं जाऊन सांग. आनि ते बोंबील ने परत. आम्ही नाय खात कोनाचं असं."

मी बोंबील घेऊन परत आलो. निडीच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत बसलो तेव्हा मला तिचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? एवढा चालत आलो, हात जोडले, आणि ही बया सूप खाली ठेवायला तयार नाही! राग घरी पोचेपर्यंत टिकला. मग बायकोला सगळं सांगायला बसलो, आणि फवाऱ्याचं पहिल्यांदा मोठ्यानं बोललो तेव्हा राग गेला आणि लाज राहिली.

बायको मिठागरात कामाला जायची. तळपाय मिठानं भेगाळलेले, जीभ त्याहून खरखरीत. सगळं ऐकून ती आधी म्हणाली, "गप रव. लायसन गेला त खाशील काय? मीठ?"

मी गप्प राहिलो. पण मी गप्प राहिलेलं तिला कधीच सहन होत नाही. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता तिनंच विषय काढला. "काय ठरवलास?"

"सांगनार गो. तेल मी लावला, वडखलला समजला तरी पुढं गेलू, चूक माझी. येवढा सांगनार. शेठचा नाव घेनार नाय. त्याचा मीठ खाल्लाय."

तिनं भाकरी तव्यात टाकली आणि माझ्याकडे वळली. "तेल तू दर दोन-तीन म्हयन्यांनी लावतंस. मंग ह्याच टायमाला आतमंदी कसा गेला? विचारतील त काय सांगशील? झाकना व्हती का नव्हती? नव्हती त कोनी घेतली नाय? अर्धा सांगशील त तू शेठला वाचवशील, आनि उद्या त्याच गाडीवर दुसरा कोन बसंल त्याचा काय? खाल्लेल्या मिठाचा कवतिक मना सांगू नको, तो मीठ मी काढलाय."

माझ्यापेक्षा ती दोन इयत्ता कमी शिकली आहे. पण त्या वकिलाच्या आणि माझ्या डोक्यात मिळून जे आलं नव्हतं ते तिच्या डोक्यात होतं. सगळी चूक एकट्याच्या अंगावर घेण्यात मला एक प्रकारचा मोठेपणा वाटत होता. तो तिनं भाकरीच्या पिठाबरोबर झटकून टाकला.

मी आधी शेठकडे गेलो. पाठीमागून वार करायचा नव्हता. त्यांना म्हटलं, "शेठ, मी कोर्टात खरं सांगणार आहे. तेलाचं माझं, झाकणांचं तुमचं." त्यांनी समोरची हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "बारा वर्षं घरच्यासारखा वागवला तुला." ते खरं होतं आणि मला ते लागलं. मी म्हटलं, "व्हय शेठ. म्हणून आधी सांगायला आलो." चावी त्यांच्या टेबलावर ठेवून उतरलो. मागं वळलो नाही.

अलिबागला आमची तारीख आली तेव्हा तीन-चार उन्हाळे उलटले होते. तोवर मी दुसऱ्याच्या टेम्पोवर बदलीवर जायचो. मिस्त्रीला मी म्हटलं होतं, तू पण चल, वासाचं सांग. तो म्हणाला, "माझं पोट त्यांच्याच दोन गाड्यांच्या कामावर आहे रे." मी आग्रह केला नाही. त्या दिवशी पाय गेलेली बाई नवऱ्याबरोबर मागच्या बाकावर बसली होती, माझ्याकडे न पाहता. शेठच्या वकिलाला वाटत होतं, पिंजऱ्यात उभा केला की हा घाबरून शिकवलेलंच बोलेल. त्यानं गोड आवाजात विचारलं, "गाडीची देखभाल तुम्ही नियमित करत होता ना?"

"करत होतो," मी म्हटलं. "त्यानंच ब्रेक गेला."

मग मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. पासिंगच्या आदल्या दिवशी दोन गाड्या शेजारी कशा लावायचो ते सांगितलं. झाकणं कधी तुटली, शेठना कितीदा विचारलं, तिसऱ्यांदा का विचारलं नाही, ते सांगितलं. फवारा, करंजेल, वडखळचा नाका, पेडल घासत नेण्याची युक्ती, आणि जत्रा.  वकील मध्ये मध्ये उठत होता. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी त्याला बसवलं आणि मला विचारलं, "हे सगळं तुमच्या विरुद्ध फौजदारी खटल्यात वापरलं जाऊ शकतं. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

"कोणी सांगायला लावलं तुम्हाला?"

बायकोचं नाव तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "कोणी नाही. तो वास मलाच ओळखता येतो, म्हणून मलाच सांगायला पाहिजे."

विमा कंपनीच्या वकिलानं मला तासभर उलटंसुलटं विचारलं. तेल किती लिटर, पंप कोणाचा, सील झिजलं होतं हे तुम्हाला माहीत होतं का. मी ज्याचं उत्तर ठाऊक होतं त्याचं दिलं, ठाऊक नव्हतं तिथं ठाऊक नाही म्हटलं. निकालाला आणखी काही महिने लागले. चूक माझी आणि मालकाची, दोघांची धरली. बाईला पूर्ण भरपाई मंजूर झाली, ती आधी विमा कंपनीनं द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची असा आदेश झाला. शेठनी भाच्याचा ट्रक विकला. त्यानंतर रस्त्यात भेटले तरी त्यांनी मला कधी ओळख दाखवली नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं, पण मी पुन्हा तसंच करीन.

रोह्याचा खटला त्यानंतर उभा राहिला. त्यात मला दंड झाला, कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवलं आणि लायसन वर्षभरासाठी गेलं, हे आधीच सांगून टाकतो. ते वर्ष मी बायकोबरोबर मिठागरात काढलं. लायसन हाती आल्यावर मी पुन्हा ट्रकवर बसलो, निवृत्त होईपर्यंत चालवला. फरक एवढाच, की नवीन मालकाकडे जाताना मी आधी गाडीखाली जाऊन यायचो आणि मगच हो म्हणायचो. त्यापायी चार नोकऱ्या गेल्या. एका मालकानं तर मला 'आरटीओ' असं नाव ठेवलं. शिवी म्हणून ठेवलं होतं, मी पदवी म्हणून घेतलं. पासिंगला गाडी नेताना तिच्या अंगावर दुसऱ्या गाडीचा एक नटसुद्धा मी पुन्हा कधी चढवला नाही. तरुण ड्रायव्हर म्हणायचे, नियम म्हणजे सरकारचा जाच. मीही तसंच म्हणायचो. मी त्यांना एवढंच सांगायचो, झाकण नव्हतं तेव्हा जाच नव्हता, बरोबर आहे. आणि मग पुढचं सांगायचो.

पण रोह्याच्या कोर्टातली एक गोष्ट राहिली. सरकारी वकिलानं त्या बाईला साक्षीला बोलावलं होतं. ती एसटीनं आली, काखेत कुबडी, बरोबर नवरा. पिंजऱ्यात चढायला एक पायरी होती. शिपाई हात द्यायला पुढे झाला, तिनं घेतला नाही. कठड्याला धरून आपली आपण चढली. मी समोरच्या बाजूला उभा होतो. माझा वकील मी सोडला होता, त्यामुळे शेजारी कोणी नव्हतं. सरकारी वकिलानं तिला त्या सकाळचं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाला, "गाडी चालवणारा इसम आज कोर्टात हजर आहे का?"

तिनं मान वळवली. रोह्याच्या जीपमध्ये नाही, ओटीवर नाही, अलिबागलाही नाही, पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ पाहत होती. मी नजर खाली घातली नाही. कशी घातली नाही देव जाणे.

"व्हय. ह्योच त्यो."

कारकून टंकत होता. सरकारी वकील म्हणाला, "ठीक आहे, जा तुम्ही." ती हलली नाही.

"साहेब, ह्यानं माझा पाय घेतला," ती म्हणाली. "त्ये लिवा. आनि अलिबागंला सगली खोटं बोलत व्हती तवा ह्यो येकटा खरं बोलला. त्ये बी लिवा."

सरकारी वकील म्हणाला, त्याची या खटल्यात गरज नाही. न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं, तिच्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "बाई सांगतात तसं लिहून घ्या." टंकयंत्राचा आवाज थांबेपर्यंत ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली. कागद वाचून दाखवल्यावर तिनं अंगठा उठवला आणि खाली उतरली. मग माझं नाव पुकारलं, आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारायच्या आतच मी हो म्हटलं.